पाण्याचा खण

आमच्या वाचनालयात सात कार्डं अशी होती, की त्यांवरचं पुस्तक कुणी परत मागायचं नाही.

गाव आमचं दीडशे घरांचं, शेवंडांच्या मासेमारीवर जगणारं. वाचनालय म्हणजे बंद पडलेल्या मासळी कारखान्याच्या ऑफिसातल्या दोन खोल्या. पगारी माणूस एकही नाही. अध्यक्ष व्हर्नन, तो तीस वर्षं फेरीबोटीवर होता आणि अजूनही समोरच्याला बोटीवर चढवत असल्यासारखाच ओरडतो. दुसरी माझी भाची कोलीन. पोस्टात नोकरी करते, कॉम्प्युटरचं तिला कळतं. आणि तिसरी मी, मर्टल क्राउस, वय एकाहत्तर. दर शनिवारी टेबलावर बसून तारखेचे शिक्के मारते. शिक्का कुणाला मारू देत नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि ती खरी आहे.

आमच्याकडे पुस्तक घरी जातं आणि त्याचं कार्ड आमच्याजवळ राहतं. कार्डावर नेणाऱ्याचं नाव आणि परत करायची तारीख. मुदत तीन आठवडे. पण गावातला कुणी समुद्रात गेला आणि देह हाती लागला नाही, तर त्याचं कार्ड टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात जातं. पुस्तक बुडालं असं आम्ही लिहीत नाही. दर तिसऱ्या शनिवारी त्यावर पुढच्या तीन आठवड्यांची तारीख मारतो, बस्स. आमच्या पहिल्या ग्रंथपाल हिल्डाबाई, त्यांनी पाडलेली ही रीत. पुस्तक बुडालं म्हणायला आपली जीभ उचलली, की माणूसही बुडाला म्हटल्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. आमची माणसं बोटीवर पुस्तक नेतातच. भरतीची वाट बघत तासन्‌तास बसायचं असतं. तेव्हा ती सात पुस्तकं सात जणांबरोबर तळाशी आहेत, हे गावात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्या खणाला आम्ही पाण्याचा खण म्हणतो.

सर्वांत जुनं कार्ड एल्विन वेंत्झेलचं, १९७४ सालचं. भरलं की नवं कार्ड टाचत गेलो, त्याची लोण्याच्या विटेएवढी जाडी झाली होती. सर्वांत नवं कार्ड कर्टिसचं.

कर्टिस माझा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, शेवंडांच्या पिंजऱ्यांनी लादलेली त्याची बोट बंदराच्या तोंडाबाहेर गेली ती गेली. त्याच्या नावावर मधमाश्या पाळायचं पुस्तक होतं. आमच्या खडकावर वारा असा, की दोरीवर कपडा टिकत नाही, माश्या कुठल्या टिकणार? पण त्याला पाळायच्या होत्या. चौतिसाव्या वर्षी माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

तर यंदा जिल्ह्याने कळवलं की मदत चालू राहायला हवी असेल, तर वसंतापर्यंत पुस्तकांची आणि सभासदांची नोंद कॉम्प्युटरवर हवी. मदत बंद म्हणजे हिवाळ्यात खोल्या तापवायची भट्टी बंद, आणि भट्टी बंद म्हणजे पुस्तकांना बुरशी. थोडक्यात, वाचनालय बंद.

कोलीनने तीन सॉफ्टवेअर शोधून काढली. पहिलं शहरातल्या वाचनालयांचं. त्याचा वर्षाचा खर्च ऐकून व्हर्नन म्हणाला, "एवढ्यात मी नवीन बोट घेईन आणि तिच्यावर पुस्तकं ठेवीन." दुसरं चक्क फुकट. पण ते चालवायला रोज त्याच्याकडे बघणारा जाणता माणूस पाहिजे. फुकटची गाय, पण धार काढायला कोण बसणार? तिसरं एका छोट्या कंपनीचं, चर्च आणि शाळांसाठी बनवलेलं. हजार सभासदांपर्यंत एकच दर, आम्हाला झेपेल असा. साठ दिवस वापरून बघा, मग ठरवा.

मी म्हटलं, आधी मला त्यांच्या माणसाशी बोलू दे. फोनवर गोड आवाजाचा कुणी होता.

"एका पुस्तकाची मुदत किती वेळा वाढवता येते?" मी विचारलं.

"साधारण दोनदा. पण तुम्हाला हवं तर वाढवता येतं. किती हवंय तुम्हाला?"

"आठशे त्रेचाळीस वेळा झालंय आत्तापर्यंत. पुढचं माहीत नाही."

तो जपून म्हणाला, "मॅडम, पुस्तक कुणाकडे आहे?"

"ते तुमचं काम नाही," मी म्हटलं.

शेवटी त्याने सांगितलं, त्या जागी शून्य भरा म्हणजे मर्यादा राहणार नाही. मी कोलीनला म्हटलं, हेच घ्यायचं. बाकी त्यात काय आहे काय नाही, मी पाहिलं नाही. आम्हाला एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळाली होती.

फेब्रुवारीत दोन आठवडे वाचनालय बंद ठेवून आम्ही सगळं आत भरलं. मी कार्ड वाचायची, कोलीन टाइप करायची. पाण्याचा खण आला तेव्हा ती थांबली.

"मावशी, यांना कुठे घालू? इथे चालू सभासद आणि बंद सभासद असे दोनच प्रकार आहेत."

"चालू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? हिल्डाबाईंनी एकाचंही नाव बंद केलं नव्हतं. नाव, पत्ता, फोन, सगळं जिवंत माणसाचं भरतात तसं भरलं. आमच्याकडे फोन नंबर माणसाचा नसतो, घराचा असतो. बाप गेला, मुलगा गेला, नंबर तोच. आणि तारीख पुढे टाकायचा शनिवार आला, तेव्हा मी शिक्का मारला नाही. मला वाटलं, आता हे सगळं मशीन करील. कोलीनला वाटलं, मावशी करील.

मंगळवारी सकाळी दहाला मी मासळीच्या वड्या तळत होते. फोन वाजला.

"नमस्कार," एका बाईचा आवाज, प्रत्येक शब्द सुटा. "हा फोन, कर्टिस क्राउस, यांच्यासाठी आहे. आपण वाचनालयातून नेलेल्या पुस्तकाची मुदत संपली आहे. कृपया ते परत आणून द्यावे. धन्यवाद."

वड्या करपल्या. मी तवा उचलून तसाच दारासमोरच्या बर्फात ठेवला आणि किती वेळ तिथेच उभी होते, आठवत नाही.

आमच्या गावात समुद्रात गेलेल्या माणसाचं नाव तोंडाने घेत नाहीत. व्हर्नन म्हणतो "तुझा मुलगा." कोलीन म्हणते "तो." नऊ वर्षांत माझ्या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि त्या मशीनने किती नीट घेतलं! कर्टिस. तो आतल्या खोलीत झोपला असेल आणि आता हाक मारायला हवी, असं.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला करायला हवं होतं ते सोपं होतं. वाचनालयात जायचं, सातही नावांपुढची मुदत वाढवायची. दोन मिनिटांचं काम. मी गेले नाही. पुढच्या मंगळवारी पावणेदहालाच फोनशेजारी खुर्ची ओढून बसले. दहाला वाजला. मी डोळे मिटून ऐकलं. बाकीच्या सहा घरांतही तो फोन वाजत असणार, हे मला सुचलं नाही असं म्हणायला आवडेल. सुचलं होतं. कानावर हात ठेवले, झालं.

बुधवारी सकाळी कोलीनने दारातली पेटी उघडली. वाचनालय बंद असताना लोक परतीची पुस्तकं त्या पेटीत टाकतात. तिचा मला फोन आला तो कुजबुजत.

"मावशी, लगेच ये. एकटी ये."

टेबलावर एक पुस्तक होतं. घोडेस्वारांची जुनी कादंबरी, मागचं पान अर्धं फाटलेलं. आतल्या पाकिटावर आमचा हिरवा शिक्का, हिल्डाबाईंच्या काळातला. कोलीनने त्यावरचा आकडा कार्डाशी लावून पाहिला होता.

"हे एल्विन वेंत्झेलचं आहे," ती म्हणाली. "हे समुद्राच्या तळाशी असायला हवं."

मी पुस्तक हातात घेतलं. कोरडं ठणठणीत. पानांना किंचित मिठाचा वास, पण तो आमच्या इथे सगळ्यालाच येतो.

"मावशी, काहीतरी बोल ना."

"आत ठेव," मी म्हटलं, "आणि मशीनमध्ये जमा करू नकोस."

पुढच्या बुधवारी दोन आली. त्यापुढच्या बुधवारी आणखी दोन. त्यातलं एक व्हर्ननच्या थोरल्या भावाचं होतं, इंजिन दुरुस्तीचं. व्हर्ननने ते ओळखलं. लहानपणी दोघे भाऊ त्यातली चित्रं बघत बसायचे. त्या पुस्तकाला त्याने हात लावला नाही. एवढा गडगडाट करणारा माणूस, खुर्चीत बसून नुसता आपल्या टोपीची कड चाचपत राहिला.

गोष्ट गावात फुटली. धक्क्यावर जाणारी माणसं वाचनालयाच्या समोरून जाईनात, मागच्या चिखलातून जाऊ लागली. कुणीतरी पेटीच्या झाकणावर दगड ठेवला. सकाळी तो दगड खाली, आणि आत सहावं पुस्तक. मग व्हर्ननने सभा बोलावली. सभा म्हणजे आम्ही तिघंच.

"हे यंत्र मेलेल्यांना फोन करतं," व्हर्नन म्हणाला, "आणि ते ऐकताहेत. मला हे नको. साठ दिवस संपायला दोन आठवडे आहेत. तोवर याच्या जागी दुसरं काही मिळालं तर बघा, नाहीतर वाचनालयाला कुलूप लावू."

"दुसरं परवडत नाही, व्हर्ननकाका," कोलीन म्हणाली. "मी तीनदा हिशेब केलाय."

"मग कुलूप. सहा आलीत. सातवं यायचंय. ते येईल तेव्हा मी इथे असणार नाही."

सातवं कुणाचं, हे तिघांनाही माहीत होतं. कोलीन माझ्याकडे बघत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला झालं. आता विचारतील, मग विचारतील. कुणी विचारलं नाही. लोकांची दया कधीकधी फार जड असते.

मंगळवारी मी फोनजवळ बसले नाही. तडक अल्फ्रेडाकाकूंकडे गेले. एल्विनची बायको, आता शहाऐंशी वर्षांच्या. घर उघडं, चूल गार. शेजारच्या घरातून कुणी ओरडून सांगितलं की काकू धक्क्यावर आहेत, गेल्या दोन मंगळवारीही गेल्या होत्या.

टोकाला पिंजऱ्यांच्या ढिगाआड, वाऱ्याला पाठ करून त्या एका उलट्या टोपलीवर बसल्या होत्या. चर्चला जाताना घालायचा कोट, डोक्याला रुमाल. ओठ निळे पडलेले.

"काकू, हे काय? उठा बघू. गोठून जाल."

"मर्टल ना तू? बस. ती मुलगी फोन करते ना, तिचा फोन झाला की मी येते."

"कोण मुलगी?"

"वाचनालयातली. फार अदबीने बोलते गं. पहिल्यांदा एल्विनला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तो धक्क्यावरच्या शेडवर आहे, सांगते त्याला. पुढच्या मंगळवारी परत फोन. परत अदबीने. मग मला लाज वाटली. एवढी ती पोर मागतेय आणि पुस्तक माझ्या चादरींच्या कपाटात. जाऊन टाकलं पेटीत."

"तुमच्याकडे होतं?"

"पहिल्यापासून." त्या पाण्याकडे बघत होत्या. "त्या दिवशी तो विसरून गेला. टेबलावरच राहिलं. आठवड्याभराने मी परत द्यायला निघालेही होते. तर दारात हिल्डा भेटली, म्हणाली, अल्फ्रेडा, काळजी करू नकोस, मी त्याची तारीख पुढे टाकलीय. मग मी पुस्तक कोटाखाली घातलं आणि घरी आले." त्या थोड्या हसल्या. "परत करायची तारीख ज्याच्या नावावर आहे, तो माणूस परत यायचा असतो, मर्टल. तू दर तिसऱ्या शनिवारी शिक्का मारायचीस ना, तेव्हा मी रस्त्यावरून मुद्दाम जायची. खिडकीतून आवाज यायचा. ठक्. मग मला झोप लागायची."

मी त्यांचा सुटलेला रुमाल नीट बांधला.

"आणि आता दिलं मी ते," त्या म्हणाल्या. "तारीख संपली त्याची. म्हणून येऊन बसते. तो आला आणि विचारलंन पुस्तक कुठाय, तर सांगायला कुणी नको का?"

मी खाली बसले, त्या ओल्या लाकडावर, आणि त्यांचे हात माझ्या हातमोज्यांत घातले. त्यांना उठवून चालत घरी आणायला अर्धा तास लागला. चूल पेटवली, चहा केला, काकवीची भाकरी होती ती गरम केली. त्या दोन घास खाऊन खुर्चीतच झोपल्या. छाती वर-खाली होतेय ना, हे बघत मी किती वेळ उभी होते. एका आवाजासाठी मी सहा घरांत हे होऊ दिलं होतं. मेलेल्यांना कुणी उठवलं नव्हतं. जिवंतांना उठवून मी थंडीत बसवलं होतं.

तिथून घरी आले. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यामागचा खण उघडला.

हो. माझ्याकडेही होतं. त्या सोमवारी पहाटे तो घाईत निघाला तेव्हा ते खिडकीत राहिलं होतं. शनिवारी मी टेबलावर बसले, त्याचं कार्ड काढलं, आणि हे पुस्तक घरी आहे असं एक वाक्य मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. शिक्का उचलला आणि मारला. गाव माझ्याकडे बघून हळहळलं, त्याच्याबरोबर पुस्तकही गेलं म्हणून, आणि मी ती हळहळ नऊ वर्षं घेत राहिले. सातही घरांत तोंडाला कुलूप. कुणाला कुणाचं माहीत नाही.

बुधवारी पेटीत टाकायला गेले नाही. शनिवारी वाचनालय उघडल्यावर, भर उजेडात, व्हर्नन आणि कोलीन दोघांसमोर ते टेबलावर ठेवलं.

व्हर्नन खुर्ची मागे सरकवून उभाच राहिला. "कुठून आलं हे?"

"माझ्या पिठाच्या डब्यामागून," मी म्हटलं. "बाकीची कपाटांतून, माळ्यांवरून. तुझ्या वहिनीला जाऊन विचार. आणि आवाज खाली ठेवून विचार."

त्याच्या चेहऱ्यावरचं भय आधी गेलं. मग राग आला, मग तोही गेला. "सगळ्यांनी?" तो म्हणाला. "वहिनीनेसुद्धा?"

"सगळ्यांनी. भूतबीत काही नाही रे. तुला सॉफ्टवेअर हवं की नको, ते आता बोल. या सहा घरांचा फोन कोलीन आत्ताच्या आत्ता बंद करील."

"सहा?" कोलीनने विचारलं.

"सातव्या घराचं मी बघते."

व्हर्ननने टोपी घातली. "घ्या ते यंत्र," तो म्हणाला आणि वहिनीच्या घराच्या दिशेने निघाला. धक्क्यावरून जाणारा सरळ रस्ता होता, त्याच रस्त्याने गेला.

कोलीनने एकेक पुस्तक आकडा वाचणाऱ्या यंत्राखाली धरलं. प्रत्येक वेळी एक बारीक आवाज व्हायचा. मग पडद्यावर यायचं, एल्विन वेंत्झेल, बाकी काही नाही. पुढचं, बाकी काही नाही. शेवटचं माझ्या हातातून तिने हळूच घेतलं.

"कर्टिस," ती म्हणाली. मोठ्याने, त्याचं नाव घेऊन. लहानपणी दोघं एका पिंपात आंघोळ करायची. "मावशी, जमा करू?"

"कर."

बारीक आवाज झाला. पडद्यावर त्याच्या नावाखाली काही उरलं नाही. मला वाटलं होतं मी पडेन. पडले नाही, पण टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली होती हे नंतर कळलं, बोटं दुखली तेव्हा.

"आता ते माझ्या नावावर चढव," मी म्हटलं.

"हेच?"

"हेच. मी कधी उघडून पाहिलं नाही. त्याने मध्ये भरती-ओहोटीच्या तक्त्याचा कागद घालून ठेवलाय. बघू तरी त्याला त्या माश्यांमध्ये काय दिसत होतं."

शिक्का मारायची आता गरज नव्हती. तरी मी तो शाईवर दाबला आणि पुस्तकातल्या पाकिटावर मारला. ठक्.

रोज थोडं वाचते. त्याचा कागद एकशे अठ्ठावीसाव्या पानावर होता. तिथपर्यंत मी अगदी सावकाश गेले, त्याच्या मागून चालल्यासारखी. त्यापुढची पानं त्याने पाहिलेली नाहीत. तिथे गेल्यावर घरात फार शांत वाटू लागलं.

तीन आठवडे उलटून गेले. मंगळवारी दहाला फोन वाजला. मी उचलला आणि श्वास धरला. शहाणपण कितीही आलं तरी श्वास धरायचा राहत नाही.

"नमस्कार," ती बाई म्हणाली. "हा फोन, मर्टल क्राउस, यांच्यासाठी आहे."

"थांब गं बाई," मी तिला म्हटलं. "हिवाळ्यात माश्या कशा जगवायच्या, ते प्रकरण राहिलंय. शनिवारी आणून देते."